शस्त्रक्रियेच्या तारखेआधीची एक तारीख

वजन कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेण्याचा निर्णय कोणीही सहजासहजी घेत नाही. त्यामागे बहुधा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास असतो. दर एक जानेवारीला केलेले संकल्प, वर्षाची वर्गणी भरून दोन महिन्यांत सोडलेली व्यायामशाळा, भात बंद, साखर बंद, रात्रीचे जेवण बंद असे नाना प्रयोग आणि मोठ्या कष्टाने उतरवलेले वजन काही महिन्यांत व्याजासह परत आल्याचा अनुभव. दरम्यान मधुमेहाच्या गोळ्या वाढत जातात, गुडघे दुखू लागतात, झोपेत श्वास अडखळतो आणि घरातील माणसे चिंतेत पडतात. सर्व उपाय थकल्यावर माणूस शल्यचिकित्सकाच्या दारात जातो, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘शस्त्रक्रियेची तारीख कोणती?’

कुठल्याही कार्यालयात आढळेल असे एक उदाहरण घेऊ. वय बेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच, वजन एकशे वीस किलो. काम बैठे. वर्षअखेरीच्या दिवसांत घरी पोचायला रात्रीचे दहा वाजतात. दिवसाला दहा सिगारेटी ओढण्याची सवय वीस वर्षांची. डॉक्टर सर्व अहवाल पाहतात आणि विचारतात, ‘‘सिगारेट ओढता?’’ ‘‘अधूनमधून,’’ असे उत्तर येते. ‘‘मग आधी ती पूर्ण बंद करा. निदान सहा आठवडे झाले की या, मग तारीख ठरवू.’’

गृहस्थ खट्टू होऊन घरी येतात. आपण गेलो वजनासाठी आणि डॉक्टरांनी विषय काढला सिगारेटचा, असे त्यांना वाटते. शिवाय सिगारेट सोडली की वजन वाढते, हे त्यांनी दहा जणांकडून ऐकलेले असते. म्हणजे वजन उतरवण्यासाठी आधी वजन वाढवून घ्यायचे, हा कुठला न्याय? मग मनातल्या मनात एक तडजोड होते. सहा आठवडे कसेबसे काढायचे, शस्त्रक्रिया उरकून घ्यायची आणि नंतरचे नंतर पाहायचे.

ही तडजोड अत्यंत स्वाभाविक आहे आणि तितकीच घातक आहे. धूम्रपान सोडण्याची अट ही शस्त्रक्रियेच्या दारावरील प्रवेशशुल्क नव्हे, ती उपचाराचाच पहिला भाग आहे. ही गोष्ट रुग्णाने, त्याच्या कुटुंबाने आणि काही अंशी रुग्णालयांनीही नीट समजून घेणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

स्थूलतेवरील शस्त्रक्रियांपैकी दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकून उरलेल्या भागाची अरुंद नळी केली जाते. तिला ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला अगदी लहानशी, साधारण तीस मिलिलिटर मावेल एवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. हा ‘गॅस्ट्रिक बायपास’. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होत असल्याने पोटावर बाहेरून चार-पाच लहान छेद दिसतात. परंतु आत बराच मोठा फेरबदल झालेला असतो. जठराला किंवा आतड्याला घातलेली लांबलचक टाक्यांची ओळ अन्न, आम्ल आणि हालचाल या सर्वांना तोंड देत भरून यायची असते. शस्त्रक्रियेचे यश सर्जनच्या कौशल्यावर जेवढे, तेवढेच ही ओळ भरून येण्यावर अवलंबून असते.

आणि नेमक्या याच कामात तंबाखूचा धूर आड येतो.

जखम भरून यायची तर तेथे प्राणवायूने युक्त असे रक्त भरपूर पोचले पाहिजे. सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. परिणामी रक्त पोचते, पण त्यातून प्राणवायू कमी पोचतो. दुसरीकडे निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणजे मुळात रक्तच कमी पोचते. असा दुहेरी तुटवडा ज्या टाक्यांच्या वाट्याला येतो, ते उशिरा भरतात, त्यांत जंतुसंसर्ग होतो आणि क्वचित ते उसवून आतील द्रव पोटात झिरपतो. हा शेवटचा प्रकार जिवावर बेतू शकतो.

फुप्फुसांची कथा निराळी नाही. श्वासनलिकांच्या आतील बाजूस अतिसूक्ष्म केसांसारखी रचना असते. ती कफ आणि धूळ सतत बाहेर ढकलीत असते. धूम्रपान करणाऱ्यांत ही रचना दुबळी होते. भूल दिलेली असताना आणि त्यानंतरचे काही दिवस रुग्णाला खोल श्वास घेणे व खोकणे अवघड जाते. छातीवर व पोटावर चरबीचा भार असेल तर ते अधिकच अवघड. अशा वेळी कफ आत साचून न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीतीही असते. स्थूलता, मोठी शस्त्रक्रिया आणि धूम्रपान या तिन्ही गोष्टी गुठळीला अनुकूल आहेत. त्या एकत्र आल्या तर भूलतज्ज्ञाच्या कपाळावर आठी पडणारच.

सहा आठवडेच का?

‘‘दोन दिवस आधी बंद केली तर चालणार नाही का?’’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन दिवसांनी काहीच लाभ होत नाही असे नाही. शेवटच्या सिगारेटनंतर एका दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड बहुतांशी उतरतो. निकोटिनचा अंमलही ओसरतो. तथापि श्वासनलिकांची दुरुस्ती, जखम भरून आणणाऱ्या पेशींचे पूर्ववत होणे आणि रोगप्रतिकारशक्ती सावरणे यांना आठवडे लागतात. शरीराला आपल्या निकडीची कल्पना नसते. ते आपल्या गतीने चालते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ धूम्रपान सोडणाऱ्यांत गुंतागुंतीचा धोका कमी असतो आणि चार आठवड्यांनंतरचा प्रत्येक धूम्रपानमुक्त आठवडा परिणामांत १९ टक्क्यांची सुधारणा करतो, असे त्यात म्हटले आहे. स्थूलतेच्या शस्त्रक्रियेसंबंधी अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे दिलेली मार्गदर्शक तत्त्वे याहून काटेकोर आहेत. धूम्रपान शक्यतो एक वर्ष आधी आणि काही झाले तरी निदान सहा आठवडे आधी थांबवावे, असे ती सांगतात.

हा फरक किती मोठा असू शकतो, याची कल्पना डेन्मार्कमधील एका अभ्यासावरून येईल. तो स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा नव्हता, गुडघा व खुब्याच्या सांधेरोपणाचा होता. परंतु भूल, जखम आणि धूर यांचे नाते तेथेही तेच. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्या रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून समुपदेशन व निकोटिनला पर्यायी औषधे देण्यात आली. उरलेल्यांना नेहमीप्रमाणे शस्त्रक्रियेस पाठविण्यात आले. मदत न मिळालेल्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. शल्यचिकित्सेत एवढा फरक घडविणारी साधने थोडीच असतील, आणि ती इतक्या कमी खर्चाची तर विरळाच.

वजन वाढण्याची भीती

आता त्या गृहस्थांच्या तक्रारीकडे वळू. सिगारेट सोडल्यावर वजन वाढते, हे खरे आहे. ते नाकारून काही साधणार नाही. निकोटिन भूक दाबते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च किंचित वाढविते. ते थांबले की भूक खवळते, अन्नाला चव येते आणि मोकळ्या झालेल्या हाताला काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते. निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार कोणत्याही औषधाविना धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढते आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते.

परंतु या आकड्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर एकशे वीस किलोंच्या माणसाचे वजन दीड-दोन वर्षांत तीस-पस्तीस किलोंनी उतरणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यासमोर ही चार-पाच किलोंची वाढ तात्पुरती आणि भरून निघणारी आहे. उलट टाके उसवले किंवा न्यूमोनिया झाला तर होणारे नुकसान भरून निघेलच असे नाही. शिवाय सिगारेट माणसाला सडपातळ ठेवते, हा समजही अर्धाच खरा आहे. धूम्रपान करणाऱ्यांत चरबी पोटाच्या घेराभोवती साठण्याकडे कल असतो आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. ज्या मधुमेहासाठी माणूस शस्त्रक्रिया करून घेऊ पाहतो, त्याच मधुमेहाला सिगारेट खतपाणी घालीत असते.

येथे एक व्यावहारिक मुद्दा ध्यानात ठेवावा. बहुतेक रुग्णालये शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा, प्रायः द्रवरूप आहार देतात, जेणेकरून यकृताचा आकार कमी होऊन दुर्बिणीला वाट मोकळी व्हावी. या दोन आठवड्यांत सिगारेट सोडायला घेणे म्हणजे भूक आणि तल्लफ यांना एकाच वेळी अंगावर घेणे होय. म्हणून सिगारेटची तारीख पुष्कळ आधीची असावी. तल्लफेचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढील तीन-चार आठवड्यांत तो ओसरत जातो. तो ओसरल्यावर आहाराचे पथ्य सुरू झाले, तर दोन्ही निभावता येतात.

धूर नाही, पण तंबाखू आहे

आपल्या देशात या विषयाला आणखी एक बाजू आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे, दाताला लावणारे किंवा हुंगणारे २१.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. महाराष्ट्रात तर चुना-तंबाखू आणि मिश्री ही घराघरांतील जुनी ओळखीची व्यसने. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही तो नाहीसा झाला असे कोणी म्हणणार नाही.

अशा व्यक्तीला डॉक्टरांनी ‘‘सिगारेट ओढता का?’’ असे विचारले तर ती अगदी प्रामाणिकपणे ‘‘नाही’’ असे उत्तर देते. सकाळी दाताला मिश्री लावणाऱ्या गृहिणीला आपण तंबाखूचे सेवन करतो, हे अनेकदा जाणवतही नाही. चघळण्याच्या तंबाखूत कार्बन मोनॉक्साइड नसला तरी निकोटिन असतेच आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन व्हायचे ते होतेच. तेव्हा डॉक्टरांनी प्रश्न ‘तंबाखू कोणत्याही रूपात घेता का?’ असा विचारावा आणि रुग्णाने न विचारताही विडी, हुक्का, तपकीर, मिश्री, गुटखा हे सर्व सांगावे. सिगारेटऐवजी ई-सिगारेट हा मार्गही नव्हे. तिच्या उत्पादनावर व विक्रीवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे.

खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतरचा

सहा आठवड्यांची अट पाळली गेली, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली आणि माणूस घरी आला. बहुतेकांच्या मते विषय येथे संपतो. वास्तविक तो येथे सुरू होतो.

अमेरिकेत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा सात वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात त्यांतील सुमारे १४ टक्के धूम्रपान करीत होते. शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात हे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. म्हणजे अटीचा परिणाम उत्तम झाला. परंतु शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात ते पुन्हा वाढून १० टक्क्यांच्या आसपास गेले आणि सात वर्षांनी परत १४ टक्क्यांवर पोचले. परीक्षेपुरता अभ्यास करून नंतर वह्या-पुस्तके माळ्यावर टाकण्याचाच हा प्रकार.

असे का घडते, हे समजणे कठीण नाही. ज्याने आयुष्यभर ताण, कंटाळा आणि आनंद हे सारे ताटासमोर बसून साजरे केले किंवा विसरले, त्याचे ताट शस्त्रक्रियेनंतर एकाएकी वाटीएवढे होते. मनाला कुठेतरी आसरा हवा असतो. जुनी सिगारेट हाताशी असतेच. ‘आता टाके भरून आले, आता काय होणार?’ असा विचार येतो.

पुष्कळ काही होऊ शकते. बायपासमध्ये जठराची पिशवी जेथे आतड्याला जोडलेली असते, त्या सांध्यावर व्रण होण्याचा धोका पुढील अनेक वर्षे राहतो. जठराच्या अस्तराला आम्ल सोसण्याची निसर्गदत्त क्षमता असते, तशी ती आतड्याला नसते. अशा ठिकाणी रक्तपुरवठा कमी झाला की व्रण पडतो, दुखू लागतो, रक्तस्राव होतो, प्रसंगी छिद्र पडून तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. या व्रणाच्या ज्ञात कारणांत धूम्रपानाचे स्थान फार वरचे आहे. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम व जीवनसत्त्वांचे शोषण कमी होऊन हाडे विरळ होण्याची शक्यता असते. धूम्रपान त्यातही भर घालते. म्हणूनच मार्गदर्शक तत्त्वे केवळ ‘शस्त्रक्रियेपूर्वी’ असे म्हणत नाहीत, तंबाखू सर्वकाळ टाळावी असे म्हणतात.

तेव्हा सहा आठवडे हा उपवास नव्हे, की जो श्रावण सरला म्हणून सोडावा. आयुष्यभर ज्या सवयीविना राहायचे आहे, तिच्याविना राहता येते का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच पडताळून पाहण्याची ती संधी आहे. शस्त्रक्रियेनंतर अन्नाचे नियम, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, नियमित तपासण्या हे सर्व जन्मभर पाळायचे असते. ज्याने सिगारेट सोडून दाखवली, त्याने या पुढच्या नियमांचा पहिला धडा गिरवलेला असतो.

लपवाछपवीचे मोल

सिगारेट सुटली नाही तर माणूस लाजतो आणि लाजेपोटी खोटे बोलतो. काही रुग्णालये उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजतात. त्यात फक्त गेल्या काही तासांचा, फार तर दिवसाभराचा धूर कळतो. काही ठिकाणी रक्तातील किंवा लघवीतील कोटिनीन या द्रव्याची तपासणी होते. निकोटिनपासून तयार होणारे हे द्रव्य काही दिवस शरीरात राहते आणि चघळलेली तंबाखूही त्यात उघड होते. तपासणी चुकविण्याच्या युक्त्या शोधणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की येथे फसवणूक होते ती स्वतःच्या टाक्यांची. निकोटिनची औषधी गोळी किंवा पट्टी वापरणाऱ्यांच्या तपासणीतही कोटिनीन सापडते. त्यामुळे ती वापरत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

बँकेच्या ग्राहकांना प्रस्तावपत्राचे महत्त्व निराळे सांगायला नको. आयुर्विम्याच्या प्रस्तावपत्रात तंबाखूसंबंधी प्रश्न असतो आणि त्याच्या उत्तरावर हप्त्याचा दर अवलंबून असतो. विमा अधिनियमाच्या ४५ व्या कलमानुसार पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती लपविल्याच्या कारणावरून विमा कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. आरोग्यविम्याच्या बाबतीत, स्थूलतेवरील शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटींचा एक साचा ठरवून दिला. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, वय किमान अठरा असावे, देहभार निर्देशांक ४० किंवा अधिक असावा किंवा तो ३५ वर असून अनियंत्रित मधुमेह, हृद्रोग, तीव्र निद्रा-श्वसनरोध यांसारखा गंभीर विकार असावा आणि सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले असावेत, असा तो साचा आहे. आपल्या पॉलिसीतील नेमका मजकूर व प्रतीक्षाकाळ आधी वाचून घ्यावा. सिगारेट सोडण्याचे सहा आठवडे त्या कामालाही पुरेसे आहेत. आणि डॉक्टरांना दिलेली माहिती व प्रस्तावपत्रातील माहिती सारखीच असावी. खऱ्या माहितीला दोन नोंदवह्या लागत नाहीत.

अट घालणाऱ्यांचे कर्तव्य

येथपर्यंत रुग्णाची बाजू झाली. परंतु सारा भार त्याच्यावर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. ‘‘सिगारेट सोडून या’’ हे एक वाक्य बोलून पुढच्या रुग्णाला आत बोलाविणे म्हणजे उपचार नव्हे. निकोटिनचे व्यसन हा स्वभावदोष नसून मेंदूत घडून आलेला बदल आहे आणि त्यावर औषधे उपलब्ध आहेत. डेन्मार्कमधील रुग्णांत जो फरक पडला, तो धाक घालून नव्हे, आठवड्या-आठवड्याला मदत करून पडला, हे विसरता कामा नये.

अट कठोर आहे म्हणून ती रद्द करावी, असेही काहींचे मत असते. तीव्र मधुमेह व हृदयविकार असणाऱ्याची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे हेदेखील धोक्याचे आहे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्यांना शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यातच व्यसन अधिक घट्ट असू शकते. त्यांना नुसते परत पाठविले तर ते कायमचे परत जातात. यावर तोडगा अट सैल करण्यात नाही, अटीबरोबर आधार देण्यात आहे. पहिल्याच भेटीत समुपदेशकाची वेळ, औषधांची चिठ्ठी आणि दर आठवड्याला एक दूरध्वनी एवढी व्यवस्था कोणत्याही रुग्णालयाला न पेलणारी नाही. मधेच एखादी सिगारेट ओढली गेली तर ती सांगण्याची मुभा असावी. तारीख पुढे जाईल, रद्द होणार नाही, हा विश्वास रुग्णाला मिळाला की खोटे बोलण्याची गरजच उरत नाही.

घराचे आणि कचेरीचेही काही कर्तव्य आहे. त्या काळात माणूस चिडचिडा होतो, झोप बिघडते, कामात लक्ष लागत नाही. ‘‘तुमच्याने काही होणार नाही’’ असे टोमणे त्याला टपरीकडे ढकलतात. घरातील दुसरे कोणी ओढत असेल तर त्यानेही सोबत सोडावी, निदान घरात ओढू नये. चहाच्या वेळी ‘‘साहेब, एकाने काय होतंय?’’ म्हणत पाकीट पुढे करणारा सहकारी हितशत्रूच म्हणायचा. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू आहेत आणि कार्यालय हे त्या अर्थाने सार्वजनिक ठिकाणच आहे. तो नियम भिंतीवरच्या पाटीपुरता न राहता सहकाऱ्याविषयीच्या आस्थेने पाळला गेला, तर एखाद्याचे सहा आठवडे सुकर होतील.

पहिली तारीख

ज्यांच्या मनात या शस्त्रक्रियेचा विचार आहे, त्यांनी दिनदर्शिकेवर पहिली खूण सिगारेट सोडण्याच्या तारखेची करावी. वर्षअखेरीची धावपळ, लग्नकार्य असा काळ टाळून नजीकचा एक दिवस निवडावा. घरच्यांना तो सांगावा. घरातील, गाडीतील, टेबलाच्या खणातील पाकिटे, लायटर, रक्षापात्र बाहेर काढावे. निकोटिनची गोळी, पट्टी किंवा अन्य औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच आणून ठेवावे. तल्लफ आली तर ती बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्यावे, चार पावले चालावे, कोणाशी बोलावे. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीसाठी निःशुल्क दूरध्वनीसेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तंबाखूच्या वेष्टनांवरच हा क्रमांक छापलेला आढळतो. पाकीट हाती आले आहे तर सिगारेट काढण्याऐवजी तो क्रमांक फिरवावा. पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करावा. कायमची सिगारेट सोडलेल्या बहुतेकांनी ती आधी अनेकदा सोडून पाहिलेली असते.

राहिला पैशाचा हिशेब. एका सिगारेटला पंधरा रुपये धरले तर दिवसाच्या दहा सिगारेटींचे वर्षाला चौपन्न हजार सातशे पन्नास रुपये होतात. पाच वर्षांत, व्याज न धरताही, पावणेतीन लाखांच्या घरात रक्कम जाते. तीच रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत पडत राहिली तर शस्त्रक्रियेनंतरच्या जन्मभराच्या तपासण्या आणि औषधे यांची चिंता पुष्कळशी हलकी होईल. अर्थात खरा लाभ पासबुकात उमटणारा नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या पन्नास वर्षे चाललेल्या प्रसिद्ध अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये जाहीर झाले. चाळिशीच्या सुमारास धूम्रपान सोडणाऱ्यांना सरासरी नऊ वर्षांचे, तर पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, असे त्यात दिसून आले.

ते बेचाळीस वर्षांचे गृहस्थ वजन उतरवू पाहतात ते अखेर कशासाठी? मुलांची शिक्षणे पार पडावीत, जिना चढताना दम लागू नये, निवृत्तीनंतरची काही वर्षे धडधाकट जावीत, यासाठीच. शस्त्रक्रिया त्यांना हे देऊ शकते. सिगारेट तेच काढून घेते. एका हाताने ठेव भरायची आणि दुसऱ्या हाताने ती मोडत राहायची, असा व्यवहार कोणताही सुज्ञ ग्राहक करणार नाही. डॉक्टरांनी तारीख देण्याआधी स्वतःची एक तारीख ठरविणे, हे या बाबतीतले खरे शहाणपण आहे. ती तारीख ठरविण्यासाठी कोणत्याही रुग्णालयाची रांग लावावी लागत नाही. ती आजचीही असू शकते.